चाळीत सगळे एकमेकांना ओळखतात, टॉवरमध्ये शेजारीपण माहीत नसतो, असं का?

मुख्य कारण गॅलरी, माणसं बदलली वगैरे नंतरचं. गिरगावातल्या जुन्या चाळी बघा, खोलीचं दार थेट कॉमन गॅलरीत उघडतं आणि जिन्याकडे किंवा संडासला जायचं तर चार जणांच्या दारावरून जावंच लागतं, त्यात खोलीत हवा यावी म्हणून दारं दिवसभर उघडीच, मग "काय, आज सुट्टी का?" हे आपोआप होतं. मधला चौक सगळ्या मजल्यांवरून दिसतो त्यामुळे गणपती असो की पोरांचं क्रिकेट, वरूनच सामील होता येतं. टॉवरमध्ये लिफ्टमधून उतरलं की दार बंद, रेंगाळायला जागाच नाही (क्लबहाऊसला मुद्दाम जावं लागतं, कोण जातंय). अमेरिकेत फेस्टिंगर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी वसाहतीत हेच तपासलं होतं, 1950 मध्ये छापून आलं, की मैत्री जास्त करून जवळच्या दारांशी आणि जिन्याशेजारी राहणाऱ्यांची वरच्या मजल्याशी ओळख जास्त. फक्त एक, ओळख म्हणजे प्रेमच असं नाही, नळावरची भांडणंपण त्याच गॅलरीतली, आणि प्रायव्हसी शून्य, विशेषतः बायकांना कॉमन संडासचा त्रास होताच.