मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन आहे. उन्हाचा त्रास होईल की वळवाचा?

वळवाचा. मेमध्ये पुण्याचा पारा साधारण ३७-३८ अंशांवर असतो, कधी चाळिशीही ओलांडतो, आणि लोहगाव शिवाजीनगरपेक्षा बहुधा जास्तच तापतं. पण सूर्य कलला की हवा सुसह्य होते, त्यामुळे सातच्या रिसेप्शनला ऊन आडवं येणार नाही.

वळवाची वेळ मात्र नेमकी तुमचीच. दिवसभर जमीन तापते, दमट हवा झपाट्याने वर चढते आणि दुपारी तीननंतर कधीही गडगडाट सुरू होतो. कात्रजला गारा आणि औंध कोरडं ठाक, असंही होतं. म्हणून महिनाभर आधी ‘त्या दिवशी पाऊस आहे का’ हे छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चार-पाच दिवस आधी हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज बघा, आणि त्या दिवशी दुपारपासून त्यांचा पुढच्या तीन तासांचा इशारा. दुपारी वारा पडून घामाच्या धारा लागल्या आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उंच वाढताना दिसले, तर समजून जा.

खरं नुकसान पावसाआधीचा वादळी वारा करतो. कनाती उडतात, लाइटचे खांब आडवे होतात, नि वीजही जाते (हे ठरलेलंच). त्यामुळे शेजारी पक्का हॉल असलेलंच लॉन घ्या आणि जेवणाची मांडणी हॉलमध्येच करा. फोनवर ‘दामिनी’ ॲप असू द्या. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सावध करतं. पुण्यातल्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय.