पाटी कोणाची, हात कोणाचा

तुमचा प्रश्न असा आहे: एका गेम बनवणाऱ्या कंपनीला टाळं लागलं म्हणून धाकटा भाऊ दोन दिवस तोंड पाडून बसला. आमच्या घरचा मिक्सर ज्या कंपनीचा तीही बंद पडली, तेव्हा कोणी रडलं नाही. मग गेमवर आणि तो बनवणाऱ्यांवर लोकांचा एवढा जीव का जडतो?

भाऊ नेमका कोणत्या कंपनीसाठी बसला होता ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी माझ्यापुरतं सांगतो. 2024 च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला माझीही हीच गत झाली होती. सकाळी नागपूरच्या मेट्रोनं मिहानला कामावर जात होतो, तेव्हा मोबाइलवर वाचलं की जर्मनीतली पिरान्हा बाइट्स बंद झाली. खापरी आलं, डबा रिकामा झाला, मी बसूनच. झाडू घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "उतरा न भाऊ, हे शेवटचं स्टेशन होय." वय वर्षे चौतीस, घरी बायको-पोर, आणि तीसेक माणसांच्या एका कंपनीसाठी मी असा बसलेलो. त्यातल्या एकाही माणसाला मी कधी भेटलेलो नाही.

मिक्सरचं म्हणाल तर चटणी चाखून मिक्सर कोणी बनवला हे सांगता येत नाही. काही गेम मात्र असे असतात की पाच मिनिटं खेळलं की कोणाच्या हातचं आहे ते कळतं.

2006 चा उन्हाळा. माझी दहावीची परीक्षा झालेली. मामेभाऊ काटोलहून सुट्टीला आला होता आणि येताना बर्डीच्या बाजारातून पन्नास रुपयांची सीडी घेऊन आला. गॉथिक 2. (हो, कॉपी केलेली. त्याचं पुढे सांगतो.) आमचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता, कारण कूलर तिथेच. कूलरच्या दमट हवेनं डबा गंजेल म्हणून आई रोज ओरडायची, आणि पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करायची तिचीही हिंमत नव्हती.

खेळातल्या नायकाला नाव नाही. पहिल्या तिन्ही भागांत नाही. एका म्हाताऱ्या जादूगाराच्या मनोऱ्यात तो जागा होतो, अंगात ताकद नाही, हातात तलवार नाही. मनोऱ्याखालून एक वाट शहराकडे जाते. मी ती वाट सोडली आणि बाजूच्या झाडीत शिरलो, कारण इतर खेळांनी मला शिकवलं होतं की नायक कुठेही शिरला तरी चालतं. तिथे शॅडोबीस्ट नावाचं शिंगवालं धूड झोपलेलं होतं. ते उठलं. एका फटक्यात मी आडवा.

"रस्ता सोडून काऊन घुसला बे तिकडे?" मामेभाऊ.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेलो. लांडग्यानं मारलं, गॉब्लिननं मारलं. शेवटी जीव मुठीत धरून वाटेवाटेनं खोरिनिस शहराच्या वेशीपर्यंत पोचलो, तर पहारेकरी आत सोडेना. म्हणे अवतार बघ आधी स्वतःचा. शंभर सोन्याची नाणी दे नाहीतर फूट. मग कळलं की जवळच लोबार्ट नावाच्या शेतकऱ्याचं शेत आहे, त्याच्याकडे राबलं तर शेतकऱ्याचे कपडे स्वस्तात मिळतात, आणि ते घालून गेलं तर पहारेकरी शेतावरचा गडी समजून सोडतो. तर जगावर चालून आलेल्या ड्रॅगनांशी लढायला निघालेला आमचा वीर भर उन्हात लोबार्टच्या वावरात सलगम उपटत होता. एकेक करून, वाकून. बाबा मागून जाताना स्क्रीनकडे बघून म्हणाले, "घरी एक काडी उचलत नाही, आणि इथं दुसऱ्याचं वावर निंदून राहिला!"

तिथेच मी अडकलो. इतका मान न देणारा खेळ मी तोवर पाहिला नव्हता. मान कमवावा लागायचा, आणि कमावलेला डोळ्यांना दिसायचा. नवशिका असताना हा गडी एकहाती तलवार दोन्ही हातांनी, सोटा धरावा तशी धरतो. उस्तादाकडे पैसे आणि अनुभव खर्चून शिकला की पकड बदलते, पाय वेगळे पडतात, फिरक्या येतात. नुसता आकडा वाढला असं होत नाही, माणूस बदललेला दिसतो. कोणाच्या घरात बोलावल्याशिवाय शिरलात तर घरमालक हटकतो. शस्त्र उपसून गावात फिरलात तर लोक आधी बजावतात, मग हाणतात. पण दर वेळी जीव घेत नाहीत. खाली पाडतात, खिशातलं सोनं काढून घेतात आणि आपल्या कामाला निघून जातात. तुम्ही उठा, धूळ झटका. चोरी पकडली गेली तर लॉर्ड आंद्रेपुढे उभं राहून दंड भरा. रात्री सगळे झोपतात. सकाळी लोहार ऐरणीवर येतो. तुम्ही नसलात तरी त्या गावाचं काही अडत नाही, असं वाटायचं.

पंधरा-वीस दिवसांनी मी त्याच झाडीत परत गेलो आणि तेच धूड मारलं. यूपीएस तेव्हा पीं-पीं करत होता, लाइट गेलेली, सेव्ह केलेलं नव्हतं. मामेभावानं डोळे मिटून घेतले होते. दहावीच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता.

आता या मंडळींबद्दल. 1997 मध्ये बोखुम शहरात ही कंपनी सुरू झाली, नंतर एसेनला गेली. दोन्ही गावं रूरच्या जुन्या कोळशाच्या पट्ट्यातली. आपल्याकडे उमरेड-सावनेर म्हणा. पहिला गॉथिक 2001 मध्ये आला, आणि त्याची गोष्टच खाणीची: कैद्यांना डोंगरातल्या खाणीवर डांबलंय, वर जादूचा घुमट, आत येता येतं पण बाहेर जाता येत नाही. चलन कोणतं, तर खाणीतून निघणाऱ्या धातूचे खडे. तुरुंगात पोचल्यावर ब्लडविन नावाचा शिपाई तुमच्याकडून दहा खड्यांचा हप्ता मागतो. कोळशाच्या गावातल्या पोरांनी हे सगळं मनातून काढलं की घराच्या खिडकीतून, मला माहीत नाही. वेकोलिच्या, म्हणजे इथल्या कोळसा कंपनीच्या, क्वार्टरमध्ये वाढलेल्या माझ्या एका मित्राला मात्र हप्त्याचा तो प्रसंग फार आवडायचा.

तिसरा भाग 2006 च्या ऑक्टोबरमध्ये आला. आमच्या कॉम्प्युटरवर तो उघडलासुद्धा नाही. सायबर कॅफेत जाऊन बघितला. मोठा, सुंदर, आणि चुकांनी भरलेला. त्यातली रानडुकरं तर कुप्रसिद्ध आहेत: एकदा भिडलं की तलवार उचलायला उसंत नाही, धडकांवर धडका, नायक जागच्या जागी खल्लास. ओर्क नावाच्या राक्षसांच्या अख्ख्या सैन्याला पुरून उरणारा गडी एका डुकरापुढे मरतो. मामांना हे सांगितलं. त्यांच्या वावरात डुकरांनी दरवर्षी धुडगूस घातलेला. ते अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर दाखवलं त्यानं. तलवारीनं का होते डुकराचं?"

पण पुढे जे झालं ते तुमच्या प्रश्नाशी जास्त जवळचं आहे. 2007 मध्ये पिरान्हा बाइट्सचं ऑस्ट्रियातल्या जोवूड या प्रकाशकाशी फाटलं. गॉथिक हे नाव प्रकाशकाकडे राहिलं, बनवणारे हात बाहेर पडले. आणि तो चुकांनी भरलेला तिसरा भाग कोणी दुरुस्त केला? चाहत्यांनी. प्रकाशकानं त्यांना आतला कोड हाताळायला दिला आणि ही माणसं नोकऱ्या, कॉलेजं सांभाळून वर्षानुवर्षं फुकटात त्याची डागडुजी करत राहिली. मी तिसरा भाग नीट खेळलो तो 2010 मध्ये, त्यांच्या दुरुस्तीनंतरचा. डुकरं तेव्हा माणसांत आली होती.

मधल्या काळात नाववाल्यांनी काय केलं बघा. 2008 मध्ये तिसऱ्या भागाला जोडून एक नवा गेम काढला, आणि तो बनवायला दिला मुंबईच्या ट्राइन गेम्सला. मुंबईच्या! आम्ही दोघं भाऊ किती फुगलो होतो ते विचारू नका. शेजारच्यांनाही सांगून झालं, त्यांना काही कळलं नाही ती गोष्ट वेगळी. गेम आला आणि आमची मान खाली गेली. अर्धवट भाजलेली भाकर. 2010 मध्ये चौथा भाग आला, तो जर्मनीतल्याच दुसऱ्या कंपनीनं केलेला. दिसायला देखणा. मी त्यात पहिल्याच गावात एका घरात शिरलो, मालकाच्या डोळ्यांदेखत पेटी उघडली, सगळं उचललं. मालक शांत उभा. मला हटकलं नाही, हाणलं नाही. मी तिथेच बंद केला तो.

आणि 2009 मध्ये पिरान्हा बाइट्सनं गॉथिक हे नाव न लावता रायझन काढला. जहाज फुटून एका बेटावर येऊन पडलेला बिननावाचा माणूस, हातात काठी. थोड्याच वेळात एका बेण्यानं मला लोळवलं आणि खिसा रिकामा करून निघून गेला. मी मामेभावाला फोन लावला. म्हटलं, "अबे, तेच होय!"

आमच्या चौकात तर्री-पोह्यांचा एक ठेला होता. तीस वर्षांची पाटी. मालकानं ठेला भाच्याच्या हवाली केला आणि पोहे करणाऱ्या म्हाताऱ्याशी भाच्याचं पटलं नाही. म्हातारा पुढच्या गल्लीत एका हातगाडीवर उभा राहिला. पाटी नाही, छत्री फाटकी. महिनाभरात चण्याच्या तर्रीसाठीची सकाळची सगळी गर्दी गल्लीत. पाटीखाली भाचा माश्या मारत बसलेला. त्या गर्दीतल्या कोणाला तुम्ही विचारलं असतं की बाबा, पोह्यांवर एवढा जीव का, तर तो म्हणाला असता, पोह्यांवर नाही, हातावर.

म्हणून पिरान्हा बंद झाल्याची ती बातमी मनाला लागली. जोवूड हा प्रकाशक 2011 मध्ये बुडाला, त्याची मालमत्ता दुसऱ्यानं घेतली. तीच मंडळी पुढे टीएचक्यू नॉर्डिक झाली, आणि 2019 मध्ये त्यांनी पिरान्हा बाइट्सही विकत घेतली. म्हणजे पाटी आणि हात एका छपराखाली आले! आम्हाला वाटलं, आता पुन्हा गॉथिक. पहिल्या भागाची नवी आवृत्ती ठरलीही, पण ती दिली बार्सिलोनातल्या एका नव्या स्टुडिओला. मग 2023 मध्ये त्यांची मालक कंपनी एम्ब्रेसर पैशांच्या अडचणीत आली, कपात सुरू झाली. 2024 च्या जानेवारीत पिरान्हावाल्यांनी कळवलं होतं की आम्हाला इतक्यात मोडीत काढू नका. सहा महिन्यांत काढलं.

हे प्रेम फार पवित्र आहे असं मात्र समजू नका. चाहते भांडखोर असतात. याच कंपनीला तिच्या नंतरच्या खेळांवरून जेवढ्या शिव्या आम्ही दिल्या तेवढ्या परक्यांनी दिल्या नसतील. मी स्वतः 2022 चा एलेक्स 2 अर्ध्यात सोडला. आणि ती पन्नास रुपयांची सीडी. त्यातला एक पैसा एसेनला पोचला नाही. नोकरी लागल्यावर सगळे भाग रीतसर विकत घेतले, काही दोनदा, मामेभावाला भेट म्हणूनही. तरी मेट्रोत बसल्या बसल्या आठवली ती सीडीच. माझ्या उदासीत निदान पाव हिस्सा अपराधीपणा होता, हे कबूल करतो. तुमच्या भावालाही विचारून बघा.

हात पूर्ण गेले असंही नाही. त्या कंपनीत वर्षानुवर्षं असलेले ब्यर्न पांक्राट्झ आणि त्यांच्या पत्नी जेनी यांनी 2024 मध्येच स्वतःचा छोटा स्टुडिओ काढला. नाव ठेवलं पिटहेड, म्हणजे खाणीचं तोंड. खाण काही सुटत नाही यांची. त्याआधी 2021 च्या डिसेंबरमध्ये पोलंडच्या चाहत्यांनी गॉथिक 2 वर बेतलेला आर्कोलोस हा अख्खा नवा खेळ बनवून फुकट वाटला. नवं बेट, नवी गोष्ट, सगळे संवाद पोलिश आवाजांत. पोलंडमध्ये या मालिकेचं वेड जर्मनीइतकंच आहे. तो खेळताना मी एका घरात शिरलो. मालकानं हटकलं. जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर मी बातमी मामेभावाला पाठवली. तो आता पुण्यात असतो, बँकेत आहे. बराच वेळ उत्तर नाही. दुपारी दोन शब्द आले: "सलगम बे." रात्री पोरं झोपल्यावर आम्ही व्हिडिओ कॉल लावला आणि दोघांनी गॉथिक 2 पहिल्यापासून सुरू केला. मनोरा, पायऱ्या, खालची वाट. अठरा वर्षांनंतर त्याला वाट तोंडपाठ होती. तरी मुद्दाम डावीकडे झाडीत शिरला आणि मेला.