गोठवलेले तीन भ्रूण

"आयव्हीएफने दोन मुलं झाली. तीन भ्रूण अजून लॅबमध्ये गोठवलेले आहेत. नवरा म्हणतो, टाकून द्यायला सांगू. मला ती हत्या वाटते. एखाद्या जोडप्याला दत्तक द्यावेत का?"

ताई, हत्या म्हणावं का, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. पाचव्या दिवशीचा भ्रूण म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा. आतल्या पुंजक्यातून बाळ घडतं, बाहेरच्या थरातून वार (प्लासेंटा). साधारण चौदाव्या दिवसापर्यंत एकाचे दोन होऊ शकतात. ब्रिटनच्या सरकारी वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये भ्रूणांवरच्या संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली, त्यामागे हेही एक कारण होतं. उलट कॅथलिक चर्च फलनापासूनच त्याला माणसाचा मान देतं. गंमत म्हणजे भ्रूण दत्तक घ्यायला मात्र चर्चने २००८ च्या निवेदनातही सरळ होकार दिला नाही. मला विचाराल तर ते मूल नव्हे, पण कचराही नव्हे. तुमची घालमेल खुळी नाही आणि नवराही निष्ठुर नाही.

'दत्तक' म्हणतात खरं, पण कागदावर बहुधा ते दान असतं. भारतात मात्र २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणा) कायद्याने उरलेले भ्रूण दुसऱ्या जोडप्याला देता येत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. जिथे चालतं तिथे तुम्हा दोघांच्या सह्या लागतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस या तपासण्या राहिल्या असतील तर आता होतील. घराण्यातले आजार लपवू नका. घेणाऱ्या बाईच्या गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनने सात-आठ मिलिमीटर होऊ देतात, मग प्रोजेस्टेरॉन सुरू करून साधारण पाच दिवसांनी भ्रूण सोडतात. यश मुख्यतः गोठवतानाच्या तुमच्या वयावर ठरतं. उणे १९६ अंशांत किती वर्षं गेली, याने फारसं बिघडत नाही. तरी एखादा वितळतानाच जातो, एखादा रुजत नाही. तिन्हींतून एकही बाळ न होणं सहज शक्य आहे, तेव्हा दिले म्हणजे वाचले असं धरू नका.

खरी अडचण पुढे आहे. बीजं तुमचीच असतील तर जन्मणारं मूल तुमच्या मुलांचं सख्खं भावंड असेल, आणि डीएनए चाचण्यांच्या काळात हे गुपित टिकत नाही. मुलांना कधी सांगणार, त्या घराशी ओळख ठेवणार का, हे सहीआधी दोघांनी ठरवा. मुलांना सांगायची तयारी नसेल तर देऊ नका.

निरोपच द्यायचा ठरला तर लॅबला विचारा: काही ठिकाणी वितळवताना हजर राहता येतं, काही डॉक्टर रुजणार नाही अशा दिवसांत भ्रूण तुमच्याच गर्भाशयात सोडतात. आधी जुन्या संमतिपत्राची प्रत मागवा. साठवणुकीची फी थकली तर भ्रूणांचं काय होईल, ते बहुतेक त्यातच लिहिलेलं असतं.