ज्या गटात लहानाचे मोठे झालो, त्याचे विचार पटेनासे झाले तर काय करावं? तुम्हाला असा अनुभव आहे का?

तुम्ही लिहिलंय की मित्रांच्यात बसून हसता आणि घरी जाताना आपण खोटं हसलो असं वाटत राहतं. मी हे दोन-तीन वर्षं केलंय, म्हणून लिहितो.

मी कोल्हापूरचा, पेठेतला. पेठेतला म्हणजे कुठल्या ना कुठल्या तालमीचा. बाहेरच्यांना तालीम म्हटलं की लाल माती आणि लंगोट आठवतो. आमच्या तालमीत आखाड्यावर कधीच फरशी बसली, वर कॅरम आला. पण गणपती तालमीचा, फुटबॉल टीम तालमीची, लग्नात वाढपी तालमीचे आणि मयताला खांदेकरीही तालमीचेच. माझे वडील गेले तेव्हा तिरडीचं सामान कुणी आणलं, पैसे कुणी दिले, मला आजही माहीत नाही. अशा माणसांपासून तुटायचं म्हणजे काय, हे वाईट मित्र सोडण्याइतकं सोपं नसतं.

२०१६ ची गोष्ट. शाहू स्टेडियमवर मॅच झाली, बाहेर पडताना दोन्हीकडच्या पोरांची जुंपली. आमच्यातल्या एकानं समोरच्या तालमीच्या पोराच्या डोक्यात दगड घातला. पोरगं जेमतेम सतरा वर्षांचं. मी चार हातांवर उभा होतो. रात्री तालमीत बैठक बसली आणि ठरलं की कुणी काही बघितलेलं नाही. भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो होता. १९०२ साली निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांना राखून ठेवून दरबारातल्या बड्या मंडळींचा रोष ओढवून घेतलेला राजा. दर २६ जूनला, त्याच्या जयंतीला, आम्हीच त्याला हार घालायचो.

मी म्हणालो, "मी बघितलंय."

"कुणाचायस तू? आमचा का त्यांचा?"

खरं उत्तर 'तुमचाच' असं होतं. अडचण तीच होती.

उगाच शूर वाटायला नको म्हणून सांगतो. त्याआधीच्या दोन भांडणांत मीही अशीच मान डोलावली होती. याही वेळी पोलिसांत गेलो नाही, तेवढी छाती नव्हती. त्या पोराच्या घरी जाऊन आलो, इतकंच. त्याची आई दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी पेठेत सगळ्यांना कळलं होतं.

मग मी ग्रुपवर रात्री एक वाजता भलामोठा मेसेज टाकला आणि बाहेर पडलो. सोडल्याचा पश्चात्ताप नाही, मेसेजचा आहे. दहा वर्षांची उणीदुणी काढली होती त्यात. तुम्हाला सोडायचं असेल तर त्या एका गोष्टीबद्दल बोला जी पटली नाही, आणि ती ज्याच्याबद्दल आहे त्याच्याशी तोंडावर बोला.

मारामारी होईल म्हणून मी घाबरत होतो. तसलं काही झालं नाही. संध्याकाळी सात ते दहा करायचं काय, हा खरा प्रश्न निघाला. रंकाळ्याला किती फेऱ्या मारणार? एकदा गंगावेशीत दूध कट्ट्यावर एकटाच गेलो. म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आम्ही आठ-दहाजण जायचो, एकट्यानं ग्लास धरायची सवयच नव्हती. तेवढ्यात तीच पोरं आली. कुणी शिवी दिली नाही, कुणी बोललं नाही. फक्त जाताना कळलं, माझ्या ग्लासाचे पैसे कुणीतरी देऊन गेलंय. त्या रात्री मला परत जावंसं वाटलं होतं. हे तुम्हालाही होणार. म्हणजे निर्णय चुकला असं समजू नका.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी कधीच मागं टाकली, हायवे बंद झाला. तालमीची पोरं कमरेएवढ्या पाण्यात म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढत होती. दगड मारणाराही त्यात होता. मी गेलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, बिस्किटांचा खोका हातात दिला आणि म्हणाला, "धर की, बघत काय बसलायस!" पाच दिवस आम्ही एकत्र राबलो. त्या दगडाबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. पाणी उतरल्यावर तो तालमीत गेला, मी घरी.

मी परत सभासद झालो नाही. गणपतीची वर्गणी मात्र दरवर्षी देतो. गेल्या साली पावतीपुस्तक घेऊन एक नवीन पोरगं दारात आलं. पेन उघडून म्हणालं, "काका, नाव काय लिहू? इथलेच काय तुम्ही?"