इंदूर बायपासच्या कामात आजूबाजूची झाडी आणि माळ गेला. माझ्या तीन एकरांत पक्ष्या-प्राण्यांसाठी त्याची भरपाई करता येईल का?

थोडीफार येईल, आणि ती बांधावरच. आमच्या घरात याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद चालतो: बांधावर झाडोरा वाढवला की पीक बुडतं म्हणे. मोजून कुणी बघत नाही.

तीन एकरांचा चौकोनी तुकडा धरा. परीघ साधारण 440 मीटर. आतल्या बाजूने दोन मीटरचा पट्टा सोडला तर जमीन जाते सात टक्के. त्यात करवंद, झरबेरी (रानबोर), निर्गुडी, सागरगोटा अशी दोन ओळींत, एकाआड एक, दीड-दोन फुटांवर लावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला, वाफसा आल्यावर. बाभूळ, हिवर यांसारखी उंच झाडं फक्त उत्तरेच्या बांधावर, कारण हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते आणि तुमचा गहू उन्हात राहतो. तिकडे नाला किंवा रस्ता असेल तर उत्तम. शेजाऱ्याचं शेत असेल तर आधी त्याला विचारा.

मुळं पिकात शिरतात ही तक्रार मात्र खरी आहे. झुडपांपासून मीटरभर आत दोन फूट खोल चर खणा, दोन-तीन वर्षांनी पुन्हा उकरा. छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरात, एका वर्षी एकाच बाजूची, म्हणजे दुसऱ्या बाजूला बोरं राहतात. मार्च ते सप्टेंबर घरटी असतात, तेव्हा कोयता लावायचाच नाही.

नरवाई, म्हणजे गहू काढल्यावर शेतात उरलेली खुंटं, जाळू नका. तितर, लावे, चंडोल जमिनीवर अंडी घालतात; त्या आगीत सगळं संपतं. स्ट्रॉ रीपरने भुसा काढा, विकलाही जातो. हार्वेस्टरवाल्याला सांगा, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला ये. कडेने फिरत आत आला तर पिल्लं मधल्या गव्हात कोंडतात.

हरभऱ्यात एकरी वीसेक टी-आकाराच्या काठ्या रोवा, त्यांवर बसून कोतवाल पक्षी घाटेअळी टिपतो. दाणे भरले की काढून टाका. प्लॅस्टिकचं शेततळं असेल तर चारही कोपऱ्यांत काथ्याची जाळी सोडा. त्या गुळगुळीत उतारावरून कोल्हा, घोरपड वर येऊ शकत नाही, बुडून मरते.

एवढं करूनही शेत म्हणजे माळ नव्हे. खरमोराला, म्हणजे माळावरच्या तणमोर पक्ष्याला, गवतच लागतं, म्हणून तर 1983 मध्ये मध्य प्रदेशातल्या सैलाना आणि सरदारपूरला त्याच्यासाठी अभयारण्यं झाली. तेव्हा गावची चरणोई, म्हणजे गायरान, उरली असेल तर भरपाईच्या नावाने तिथे निलगिरी लावू देऊ नका; गवत राहू द्या आणि कापणी दिवाळीनंतर करा.