इंडियन, वेस्टर्न की भिंतीवरचा? संडासाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बाथरूमच्या दुरुस्तीवर लिहिलं होतं. त्यावर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती संडासाची. बरेच प्रश्न साधारण सारखेच आहेत म्हणून त्यातले निवडक घेतोय.

प्रश्न : पुण्यात सिंहगड रोडला आमचा टू बीएचके आहे, बिल्डिंग जुनी. आमच्या बेडरूमच्या अटॅच्डमधे वेस्टर्न आणि बाहेरच्या कॉमनमधे इंडियन. सासूबाईंचे गुडघे झिजलेत, डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय. सासरे म्हणतात इंडियन काढलात तर मी गावाला जाऊन राहतो. आमचे हे म्हणतात दोन्हीकडे वेस्टर्न करून टाकू, एकदाच काय ती तोडफोड. काय करावं?

सासऱ्यांना गावाला पाठवू नका, त्यांचं म्हणणं अगदीच हट्टाचं नाहीये. उकिडवं बसलं की शेवटचा मार्ग बराच सरळ होतो आणि जोर कमी लावावा लागतो, त्यामुळे ज्यांचे गुडघे धड आहेत आणि आयुष्यभराची सवय आहे त्यांना वेस्टर्नवर पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही हे ऐकायला मिळतंच. पण सासूबाईंसाठी डॉक्टरांनी जे सांगितलंय त्यावर चर्चा नको, त्यांना वेस्टर्नच. तुमच्याकडे दोन टॉयलेट आहेत, म्हणजे एक इंडियन एक वेस्टर्न हे गणित आत्ताही बरोबरच आहे, फक्त वेस्टर्न चुकीच्या जागी आलाय. सासूबाई रात्री दोन वाजता सुनेच्या खोलीचं दार वाजवणार आहेत का? नाही वाजवणार, त्या सकाळपर्यंत कळ काढतील. म्हणून कॉमन वेस्टर्न करा आणि सासऱ्यांना पहाटे तुमच्या खोलीतून जायला चालत असेल तर अटॅच्ड इंडियन करा, नाहीतर सगळ्यात सोपं म्हणजे खोल्याच बदला, आईबाबांना अटॅच्डवाली द्या आणि तुम्ही दुसरीत जा. कॉमनमधला इंडियन सासऱ्यांना तसाच राहतो आणि एकही फरशी फोडावी लागत नाही. हे सुचवलं की बहुतेक घरांत दोन मिनिटं शांतता पसरते, पण विचार करून बघा.

तरी फोडायचंच ठरलं तर आधी मेजर टेप घ्या, शोरूम नंतर. इंडियनचं भोक मागच्या भिंतीपासून बऱ्यापैकी पुढे असतं, वेस्टर्नचं भिंतीजवळ लागतं. त्यामुळे इंडियन उचलला आणि त्याच भोकावर कमोड ठेवला असं होत नाही, पाइप सरकवावा लागतो. कमोड दोन प्रकारचे, एस ट्रॅप म्हणजे पाणी खाली जमिनीत जाणार आणि पी ट्रॅप म्हणजे मागे भिंतीत जाणार. एस ट्रॅपमधे पण भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, ९ इंची आणि १२ इंची जास्त चालतात, आणि हे अंतर टाइल लागल्यावरच्या भिंतीपासून मोजायचं, प्लास्टरपासून नाही. दुकानात आवडला म्हणून आणला आणि तीन इंच पुढे आला की मग प्लंबर म्हणतो "करतो काहीतरी", आणि ते काहीतरी पुढे वर्षानुवर्षं तुंबत राहतं.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे बहुतेक सन्कन स्लॅब असणार, म्हणजे टॉयलेटखाली स्लॅब फूटभर खाली सोडून त्यात ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट, भरलेला. इंडियन काढायचा म्हणजे तो कोबा आणि त्याखालचं वॉटरप्रूफिंग दोन्ही फुटणार. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जायची जाळीखालची वाटी, जुना असेल तर तोही त्याच वेळी बदलून घ्या. नवीन वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावायच्या आधी पाणी भरून निदान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच ठेवायला लावा, याला पाँडिंग म्हणतात, आणि खालच्यांच्या घरी जाऊन सिलिंग बघून या. कॉन्ट्रॅक्टर घाई करेल, करू दे.

कमोडची उंची विचारून घ्या. साधे कमोड १५-१६ इंच असतात, गुडघेदुखीवाल्यांना सीटसकट १८ च्या आसपास बरा पडतो, उठताना फरक कळतो. मात्र सासूबाई बुटक्या असतील आणि पाय लोंबकळायला लागले तर उलट त्रास. बाजूला धरायला दांडी हवीच, ती विटेत पक्की जायला पाहिजे, नुसत्या टाइलमधल्या स्क्रूवर माणसाचं वजन टाकायचं नाही. आणि कडी अशी घ्या की वेळ पडली तर बाहेरून उघडता येईल.

हे सगळं होईपर्यंत सर्जिकलच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते ती इंडियनवर ठेवा. पायांना रबर आहे ना आणि ओल्या फरशीवर सरकत नाही ना, ते दुकानातच हलवून बघा.

प्रश्न : भांडण नको म्हणून अँग्लो इंडियन बसवला तर? त्यावर दोन्ही पद्धतीने बसता येतं म्हणे.

नको. ज्याला उकिडवं बसायचंय त्याने ओल्या पायाने दीड फूट वर चढायचं, आणि तसं चढू शकणाऱ्या माणसाला साधा इंडियन जास्त सोयीचा आणि सुरक्षित. बसणाऱ्यासाठी ती रुंद कड म्हणजे दुसऱ्याच्या पायाची घाण. साध्या वेस्टर्नवर चढून बसणारेही असतात, ते तर अजिबात करू देऊ नका, चिनी माती फुटली की सुरीसारखी कापते.

प्रश्न : लातूरला घर बांधतोय. नळाला रोज पाणी नाही, बोअरचं पाणी जड. मुलांना वेस्टर्न पाहिजे. फ्लशमधे किती पाणी जातं आणि कुठला घ्यावा?

ज्या शहरात २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथला माणूस हा प्रश्न विचारतो आणि मुंबईचा विचारत नाही, यात सगळं आलं. आपल्याकडे शहरी घरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ४५ लिटर नुसते फ्लशचे! आता तुमचं घर चार माणसांचं आणि प्रत्येकी दिवसाला पाच वेळा फ्लश धरा, जुनी १० लिटरची टाकी असेल तर २०० लिटर गेले. तेच ३ आणि ६ लिटरचं दोन बटणवालं असेल आणि मोठं बटण दिवसातून एकदाच दाबलं तर सगळ्यांचं मिळून ७२. म्हणून ३-६ घ्याच आणि घरातल्यांना कुठलं बटण कधी ते शिकवा, कारण पाहुणे तर सोडाच, घरातली माणसंसुद्धा दोन्ही बटणं एकदम दाबतात.

जड पाण्याने दोन ठिकाणी त्रास होतो. एक, कमोडच्या कडेखाली जी भोकं असतात ती क्षाराने बुजतात आणि फ्लश नुसता रडतो, तर रिमलेस म्हणजे कडेखाली पोकळी नसलेला प्रकार घ्या, घासायलाही सोपा. दोन, टाकीतला वॉशर खडबडीत होऊन पाणी झिरपत राहतं, आवाज पण येत नाही, आणि टँकरने आणलेलं पाणी गुपचूप सेप्टिकमधे जातं. टाकीत थोडा खायचा रंग टाका, पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका, कमोडात रंग उतरला तर वॉशर गेलाय. अधूनमधून लिंबूसत्वाचं पाणी रात्रभर ठेवलं तर क्षार सुटतो. याच कारणाने भिंतीत लपवलेली टाकी तुम्हाला नको, साधी बाहेरची घ्या जिचा वॉशर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधे मिळतो.

जुन्या १० लिटरच्या टाकीत पाण्याची भरलेली बाटली ठेवून पाणी वाचवतात ते ठीक आहे, पण ६ लिटरच्या टाकीत तसं करू नका, ते भांडं तेवढ्याच पाण्यावर चालायला बनवलेलं असतं, कमी पडलं की दोनदा फ्लश करावं लागतं. आणि एक इंडियन ठेवाच, त्याला बादलीतून ओतून भागतं. पाणी नसेल तेव्हा वेस्टर्नमधेही अर्धी बादली एकदम जोरात ओतली की साफ होतो, हळू ओतून उपयोग नाही.

प्रश्न : ठाण्यात नवीन फ्लॅट मिळाला. बिल्डरने जमिनीवरचा कमोड दिलाय, मला वॉल हंग, म्हणजे भिंतीला टांगलेला पाहिजे कारण खालून पुसता येतं. भाऊ म्हणतो वजनदार माणूस बसला तर खाली येईल.

भावाला सांगा नीट फ्रेमवर बसवलेला वॉल हंग ४०० किलोच्या भाराला टेस्ट केलेला असतो. पडला तर भिंत नाहीतर प्लंबर कारणीभूत असतो. तुमची भिंत कशाची आहे ते पहिलं बघा. विटेची जाड भिंत असेल तर प्रश्न नाही. सिपोरेक्स, म्हणजे सिमेंटचे हलके सच्छिद्र ब्लॉक असतील तर त्यात बोल्ट ठोकून कमोड टांगायचा नाही, ते मऊ असतं, जमिनीवर पाय रोवून उभी राहणारी लोखंडी फ्रेमच लागते. आणि हल्लीच्या उंच टॉवरमधे बऱ्याचदा मायवानची, म्हणजे सगळी काँक्रीटची भिंत असते. ती खोदायची नाही म्हणजे नाही, टाकी पाइप लपवायला सुद्धा नाही, ती बिल्डिंगचा भार घेते. मग फ्रेम भिंतीच्या पुढे उभी करून बॉक्स करावा लागतो आणि बाथरूमची सहा-आठ इंच जागा जाते. त्या बॉक्सवर शाम्पूच्या बाटल्या ठेवायला जागा होते हा बोनस.

आत्ताचा पाइप जमिनीत जातोय का भिंतीत? जमिनीत असेल तर वॉल हंगसाठी तो उचलून भिंतीत न्यावा लागेल, म्हणजे नव्या कोऱ्या घरात वॉटरप्रूफिंग फोडायचं, आणि बिल्डरला मग लीकेजची जबाबदारी झटकायला आयतं कारण. माझं प्रामाणिक मत सांगू का, पाइप जमिनीत असेल तर राहू दे तो कमोड, पाच-सात वर्षांनी बाथरूम काढाल तेव्हा करा. भिंतीत असेल तर करून टाका, फक्त लपवलेल्या टाकीपर्यंत हात जायचा एकमेव रस्ता म्हणजे फ्लशची प्लेट, ती टाइल किंवा कपाटाने झाकू नका, आणि ज्या कंपनीचे पार्ट ठाण्यात मिळतात त्याच कंपनीची टाकी घ्या. कमोड कधीही बदलता येतो कारण बोल्टचं अंतर १८० किंवा २३० मिलीमीटर असं ठरलेलं असतं, टाकी मात्र भिंत फोडल्याशिवाय बदलत नाही. म्हणजे पैसे वाचवायचे तर भांड्यात वाचवा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आईबाबा सहा महिने येणार आहेत, त्यांना कागद चालत नाही. पूर्ण टॉयलेट बदलावं का?

अजिबात नको. तिथल्या टाकीला खालून जी पाण्याची नळी येते तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड लावून हँड स्प्रे जोडता येतो, नाहीतर सीटखाली बसणारं बिडे, म्हणजे बसल्या जागी पाण्याची धार मारणारं यंत्र मिळतं, घरच्या घरी होतं. स्प्रे लावलात तर वापर झाल्यावर टीचा कॉक बंद करायची सवय लावा, कारण नुसता स्प्रेचा खटका सोडला तरी नळीत पूर्ण प्रेशर राहतं आणि घरात कोणी नसताना नळी फाटली तर खालच्या मजल्याचं सिलिंग खाली येईल. घरं लाकडाची आणि बाथरूमच्या जमिनीला बहुतेक नहाणी ट्रॅप नसतो, हे आईला आल्या दिवशीच सांगा, नाहीतर त्या आपल्या पद्धतीने बादलीभर पाणी ओतून संडास धुवायला घेतील! त्या दृष्टीने मला बिडे जास्त बरं वाटतं, पाणी आतल्या आत राहतं. घ्यायच्या आधी तुमचं भांडं गोल आहे का लांबट तेवढं बघा, सीट त्याप्रमाणे वेगळी येते.

प्रश्न : कणकवलीजवळ गावी घर दुरुस्त करतोय. वर्षभर बंद, मे महिन्यात आणि गणपतीला आम्ही चाकरमानी मिळून वीसेक जण. आत वेस्टर्न करायचाय. घरामागे विहीर आहे.

आत एक वेस्टर्न वडीलधाऱ्यांसाठी आणि बाहेर एक इंडियन बाकीच्यांसाठी. बाहेरचा इंडियन जास्त उताराचा ग्रामीण पॅन घ्या, तो दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतो आणि मे महिन्यात त्याची किंमत कळते. दोन खड्ड्यांचा संडास रोजच्या पाच-सहा माणसांना उत्तम, एक भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं, पण तुमच्याकडे वीस माणसं एकदम आणि वर फ्लशचं पाणी, तेही पावसाळ्यात जमिनीत पाणी वर आलेलं असताना. त्यापेक्षा नीट मापाची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा करा. टाकीचं पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात सोडू नका, गावात सगळे सोडतात तरी. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या बाजूला, जांभ्यात भेगा असतात, त्यातून पाणी लांबवर जातं, तेव्हा अजून लांब जमलं तर बरंच. टाकीला व्हेंट पाइप आणि वर मच्छरांची जाळी.

बंद घरात वेगळीच भानगड होते. कमोडच्या वाकात जे पाणी थांबलेलं असतं तेच गॅस अडवून धरतं, ते महिन्या-दोन महिन्यांत उडून जातं आणि दार उघडल्याबरोबर घरभर वास आणि झुरळं. निघायच्या दिवशी टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा आणि कमोडात नि नहाणी ट्रॅपमधे थोडं खाण्याचं तेल सोडा, पाण्यावर तवंग राहतो आणि पाणी हळू उडतं. झाकण लावून ठेवा. परत आल्यावर वास मारला म्हणून अॅसिडची बाटली रिकामी करू नका, सेप्टिकमधले जिवाणू मरतात आणि टाकी लवकर भरते, आणि अॅसिडवर ब्लिचिंग टाकलं तर विषारी गॅस होतो, बंद संडासात तर फारच वाईट. आधी सगळीकडे एकेक बादली पाणी ओता आणि खिडकी उघडून तासभर थांबा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.