वाचकांचे प्रश्न: पोर्तुगीज उतारा समोर आला की धडधडतं

प्रश्न: वर्षभर पोर्तुगीज शिकते आहे. बोलताना फार अडत नाही, पण वर्गात उतारा हातात आला की छातीत धडधडतं. शब्दाशब्दाला कोश उघडते आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. माझं काय चुकतंय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: बोलण्याची भीती वेगळी, वाचण्याची वेगळी. सायतो, हॉर्विट्झ आणि गार्झा या संशोधकांनी 1999 मध्ये वाचनाच्या भीतीसाठी 20 विधानांची प्रश्नावली वापरली. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांत जपानी वाचणारे सर्वांत धास्तावलेले निघाले, यात नवल नाही. पण रोमी लिपीतली फ्रेंच वाचणारे रशियनवाल्यांपेक्षा जास्त घाबरत होते! रशियन अक्षरं नवी खरी, पण उच्चार बराचसा लिहिल्यासारखा. पोर्तुगीज फ्रेंचच्या वळणाची. अक्षरं इंग्रजीमुळे ओळखीची, उच्चार भलतेच. एकटं ‘एक्स’च घ्या: कुठे श, कुठे झ, कुठे स, टॅक्सीत क्स.

तुमची चूक असलीच तर कोशाची. डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. पानं चाळेपर्यंत अर्धं वाक्य सांडतं.

आधी उताराच तपासा. पहिले 100 शब्द मोजा, अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. 2 पर्यंत असतील तर कोश नको. 5 च्या आसपास असतील तर मदतीने जमेल. 10 च्या वर गेले तर तो उतारा बाजूला ठेवा, सोपा घ्या.

मग कोश मिटून एकदा वाचा आणि फक्त क्रियापदांना गोल करा. पोर्तुगीजमध्ये कर्ता अनेकदा गाळलेला असतो, ‘कोणी केलं’ हे क्रियापदाच्या शेपटीतच असतं. शेवटी ‘ओ-यू’ आलं तर बहुधा भूतकाळ आणि कर्ता एक. ‘ए-आर-ए-एम’ आलं तर अनेक. दुसऱ्या वाचनानंतर जास्तीत जास्त 5 शब्द कोशात पाहा, तेही पुन्हा पुन्हा येणारे. विशेषणं खुशाल सोडा. जनेल, चावी, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले, त्यामुळे ओळखीचा आवाज लागला तर आधी अंदाज करा. मात्र अर्थ सरकलेला असू शकतो: त्यांच्याकडे ‘पगार’ म्हणजे पैसे देणं.

मोठ्याने वाचन सगळ्यात शेवटी. आधीच केलं तर लक्ष उच्चारात अडकतं, अर्थ हाती लागत नाही. वर्गात थेट वाचायला सांगितलं तर मनात वाचायला दोन मिनिटं मागून घ्या.

प्रश्न: आजोबांच्या जुन्या पोर्तुगीज खतातले (दस्तऐवजातले) शब्द कोशात सापडतच नाहीत.
— म्हापसा

उत्तर: कागद 1911 च्या आधीचा आहे का? त्या वर्षी पोर्तुगालने शुद्धलेखन बदललं. ‘पी-एच’च्या जागी ‘एफ’, ‘टी-एच’च्या जागी ‘टी’, तेच अक्षर लागोपाठ दोनदा असेल तर एकदाच ठेवून पाहा. ‘कोमुनिदाद’ (गोव्यातली गावकीची संस्था) या शब्दात पूर्वी दोन ‘एम’ असत, आता एकच. खत या अर्थाच्या ‘एश्क्रितुरा’त ‘टी’आधी जादा ‘पी’ असे. हस्तलिखितात शब्दाच्या टोकाला वर बारीक अक्षर दिसलं तर तो संक्षेप समजा. जमिनीच्या हक्काचा मामला असेल तर मात्र स्वतःच्या वाचनावर विसंबू नका, जाणकार अनुवादक गाठा.